लोकर गुंडाळलेला खटका

आबा, तुमच्या गाडीचा दिव्यांचा खटका काल बदलून घेतला. तुम्ही असता तर आधी ओरडला असता, मग बॉनेटखाली डोकं घालून नव्या वायरी बोटांनी चाचपल्या असत्या आणि शेवटी कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात "बरं केलंस" म्हणाला असता. तुम्हाला जाऊन माझ्या धाकटीच्या वयाएवढी वर्षं झाली, आणि ती आता कॉलेजात जाते. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. बोलायचं असलं की मी गाडीतच बोलायची, तुम्ही शेजारी बसलाय असं धरून. पण गेले काही दिवस गाडीत बोलवत नाही. तुमचा राग आलाय. तो तोंडानं निघेना, म्हणून कागद घेतला.

झालं असं की जतहून कवठ्याच्या बाजूला कोकरं घेऊन निघाले होते. दुसऱ्या दिवशीचा बाजार धरायचा होता. दिवस मावळला होता, पण आभाळाला अजून तांबूस कड होती. दिवे लावायला मी तो खटका ओढला. आतला खटका मी मधल्या काळात दोनदा बदलला, तोंडाची काळी मूठ मात्र दर वेळी तुमचीच बसवून घेतली. तिच्यावर तुम्ही गुंडाळलेली लोकर अजून होती, हाताच्या मळानं चामड्यासारखी झालेली. थोडं पुढं गेल्यावर करपल्याचा वास यायला लागला. मागं हौद्यात कोकरं दाटीवाटीनं उभी होती, वाटलं एखादं सायलेन्सरच्या बाजूला दबलं असेल. उतार लागला होता, खाली ओढ्यावरचा पूल. पूल ओलांडला की थांबून बघू, असं म्हणाले आणि दोन्ही दिवे गेले.

दिवे जातात म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आभाळ दिसतं, रस्ता दिसत नाही. मी पाय उचलला, गाडी खालच्या गियरमध्ये टाकली आणि डाव्या हातानं खटका ओढायला, दाबायला लागले. मूठ तव्यासारखी तापली होती. बोटं भाजली, पण एकदा कुठंतरी आतलं चिकटलं आणि पापणी लवावी एवढा वेळ उजेड पडला. त्या उजेडात मी पुलावर काय बघितलं सांगू? घोडं. पाठीवर वाकळा, भांडी, आणि त्या सगळ्याच्या वर बांधलेलं लेकरू, माझ्याकडं तोंड करून. घोड्याच्या पुढं सगळा पूल मेंढरांनी भरलेला. मग पुन्हा काळोख.

लहानपणी, गाडी यायच्या आधी, तसल्याच घोड्यावर मी असायची, आबा. तुम्ही मागं कंदील घेऊन चालायचा आणि ट्रकचा आवाज आला की कंदील हलवत ओरडायचा. मी वरून त्या येणाऱ्या दिव्यांकडं बघायची. आता मी त्या ट्रकच्या जागी होते आणि मला दिवेही नव्हते. हॉर्नवर तळहात दाबून धरला. करकचून ब्रेक मारला असता तर उतारावर कोकरांचा सगळा भार पुढं येऊन गाडी आडवी गेली असती. मी स्टिअरिंग डावीकडं ओढलं. बाभळीच्या फांद्या काचेवर फाटकन आपटल्या, चाक कशावर तरी चढलं आणि गाडी पुलाच्या कठड्याआधी खडीच्या ढिगात रुतून थांबली. मागं कोकरं एकच ओरडत होती. मी इंजिन बंद केलं.

एक म्हातारी काठी आपटत खिडकीशी आली. "डोळं फुटलं काय गं तुझं? लेकरं हायती की वाटंला!"

"आवं आज्जी, लाईट गेली. दिसंनाच काय."

"दिसंना तर आनायची कशाला गाडी?"

मी रडायला लागले, तेव्हा तिनं काठी खाली घेतली. घोडं बिथरून पलीकडं पळालं होतं, पण लेकराला बांधलेलं होतं म्हणून ते पडलं नाही. त्याच्या आईनं त्याला उतरवून छातीशी धरलं होतं आणि ती माझ्याकडं बघतही नव्हती. कुणाला लागलं नव्हतं. त्यांच्या गड्यांनीच खडी उकरून गाडी काढली. दोघं बॅटऱ्या घेऊन पुढं चालले आणि मी त्यांच्या मागनं, मेंढरांच्या चालीनं, पुढच्या गावापर्यंत आले. त्या लेकराची आई सगळा रस्ता माझ्या गाडीच्या कडेनं चालत होती. तिला माझ्यावर नजर ठेवायची असावी.

घरी सांगितल्यावर तुमचे जावई, फौजेतनं रिटायर झालेले, म्हणाले, "विक ही गाडी. फौजेत असली गाडी कवाच कंडम केली असती." मी म्हणाले, गाडीचा दोष नाही, खटक्याचा आहे. बोटांवर मलम लावलेलं होतं आणि तरी मी तुमच्या गाडीची बाजू घेत होते. दुसऱ्या दिवशी ती जतच्या इलेक्ट्रिशियनकडं नेली. स्टँडच्या मागं त्याचं दुकान आहे, बोलघेवडा माणूस. म्हणाला, "ताई, नवीन स्विच टाकतो, चहा पिऊन होईस्तवर मोकळ्या व्हा."

"दोनदा टाकून झालाय. परत जळतोय. का जळतोय ते बघा आधी."

कुरकुरत त्यानं पुढचा दिवा सोडला, बल्ब काढला, वर धरून त्यावरचा आकडा वाचला आणि माझ्याकडं बघितलं. "हे शंभर वॅटचे बल्ब हायत. गाडीला असले येत न्हाईत. कुणी बसवलं?"

मी म्हणाले, माझ्या वडिलांच्या वेळेपासून असेच आहेत. जुना दाखवायचा आणि तसाच मागायचा, एवढंच मला माहीत.

"तरीच. सगळा करंट या एवढ्याशा खटक्यातनं जातोय. बारक्या पोराच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं दिल्यागत झालं. जळंल न्हाई तर काय." मग बल्ब पुसता पुसता सहज म्हणाला, "असला उजेड कोण लावतंय, एक तर रात्रभर घाट चढणारा, न्हाई तर डोळ्यानं अधू."

तुम्ही रात्रभर घाट कधीच चढला नाहीत, आबा. दिवस कलला की तुमची घराकडं निघायची घाई असायची.

गाडी तिथंच ठेवली आणि एस. टी.नं घरी आले. आई आता माझ्याकडंच असते. दारात बसून शेंगा फोडत होती. तिला सरळ विचारलं, "आई, आबांना दिसत न्हवतं का?"

तिचा हात थांबला नाही. दोन-चार शेंगा फोडून झाल्यावर म्हणाली, "दिवसा दिसायचं की."

"आणि अंधार पडल्यावर?"

"अंधारात न्हाई. त्येंच्या आईचंबी तसंच हुतं. मिरजंच्या डाक्टरनं सांगितलं हुतं, ह्येला औषीद न्हाई म्हणून. मला आण घातली हुती आबांनी, कुणाला बोलू नगं." मग टरफलं गोळा करता करता म्हणाली, "त्या मुठीला लोकर कशाला गुंडाळली हुती, तुला काय वाटलं? बोटाला गवसावी म्हणून."

मी उंबऱ्यावरच बसले. आबा, तुम्ही मला बारक्या वयापासून शेजारी बसवायचा. "पुढं काय हाय, सांग." मी सांगायची: बैलगाडी. "कुठल्या अंगाला?" डाव्या. "लांब का जवळ?" सांगितलं की म्हणायचा, "शाब्बास माझी वाघीण." मला वाटायचं, माझी करमणूक व्हावी म्हणून आपला बाप खेळ खेळतोय. शाळेत मैत्रिणींना मी तो खेळ शिकवला होता. आणि रहिमतपूरकडून परत येत होतो तो दिवस आठवतो? कुणाचा तरी संसार पोचवून येत होतो, तिन्हीसांज झाली, आणि मला डुलकी लागली. तुम्ही माझ्या कानाखाली असा जाळ काढला की मी दारावर आपटले. "झोपतीस? माझ्या गाडीत झोपतीस?" तुमचा आवाज चिरकला होता. आयुष्यात तेवढा एकदाच तुम्ही माझ्यावर हात उगारला. मग गाडी कडेला घेतली आणि उजाडेपर्यंत हलवली नाही. मला वाटलं, रुसलाय. मी मुसमुसत होते, तुम्ही स्टिअरिंग धरून समोर बघत बसला होता, आणि समोर तर काहीच नव्हतं.

राग या गोष्टीचा आहे. माझ्या जिवाचं सोडा. रस्त्यावर माणसं होती की. आपलीच माणसं, मेंढरं घेऊन चाललेली, घोड्यावर लेकरं बांधलेली. एका पोरीच्या नजरेवर तुम्ही गाडी हाकत होता, आणि त्या पोरीला ते माहीतही नव्हतं. मी एखाद्या वेळी गंमत म्हणून खोटं सांगितलं असतं तर? लहान पोरं सांगतात.

आणि दुसरी गोष्ट मी आईला विचारायला घाबरत होते. तुम्ही गाडीची चावी माझ्या हातात दिली, तो दिवस. वस्तीवर पाहुणे होते, धाकटा भाऊ नुकताच लायसन काढून आला होता, सगळ्यांना वाटत होतं चावी त्याला जाणार. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला, "माझं गुडघं धरलं. आजपासनं गाडी ही चालवंल." एक मामा हसले तेव्हा तुम्ही त्यांच्याकडं असं बघितलंत की हसू विझलं. त्या दिवसाच्या जोरावर मी आजवर जगले, आबा. लोकांनी बाई गाडी चालवते म्हणून नावं ठेवली, बाजारात दलाल फिदीफिदी हसले, त्या त्या वेळी मी तो दिवस काढून बघितला. आता कळलं की गुडघे दुखत नव्हते. मग माझं काय होतं त्यात? तुमचं दिसायचं बंद झालं आणि मी शेजारच्या सीटवर होते, एवढंच?

रात्री जेवताना शेवटी विचारलंच. आईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तुझा भाऊबी बसायचा की त्येंच्या शेजारी. पर त्यो काय करायचा ठावं हाय? आबा म्हणायचं, 'वाट मोकळी हाय न्हवं?' का ह्यो म्हणायचा, 'व्हय आबा.' न बघताच व्हय. तू म्हणायचीस, 'न्हाई, थांबा.' बापाला थांबा म्हणणारी तू एकटीच हुतीस."

ती ताट घेऊन उठली. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. राग गेला असं नाही म्हणणार. पण त्याचं ओझं वाटून घ्यायला तेव्हा कुणीतरी आल्यासारखं वाटलं.

काल गाडी आणली. आता दिव्यांचा करंट जाड वायरीनं थेट बॅटरीहून येतो, मधे फ्यूज आहे आणि दोन रिले बसवलेत, काड्यापेटीएवढ्या दोन डब्या. खटका नुसती हाक मारतो, ओझं त्या डब्या उचलतात. बल्ब गाडीला शोभतील असे, नेमाचे. खटका नवीन, आणि मूठही नवीनच, खटक्याबरोबर आलेली, गुळगुळीत. इलेक्ट्रिशियननं जुनी मूठ पुढं केली तर मी मान हलवली. करपून गेली होती ती, आबा. त्यानं ती भंगाराच्या डब्यात टाकली आणि मी टाकू दिली.

दिवस मावळल्यावर आम्ही दोघं टेस्ट घ्यायला निघालो. जावई शेजारी बसले होते. मी खटका ओढला. कितीतरी वेळ ओढून ठेवला आणि बोट लावून बघितलं, गार. ते काचेला नाक लावून म्हणाले, "दिवस उगवला की गं! पार त्या लिंबापर्यंत दिसतंय. बास, आता चिंता मिटली."

मी म्हणाले, "व्हय."

लिंब मला दिसला नाही. रस्ता दिसत होता, दोन्ही कडा मात्र काळ्या होत्या, आणि समोरून मोटारसायकल आली तेव्हा तिचा दिवा सगळ्या काचेभर फुटला आणि ती निघून गेल्यावरही बराच वेळ मला काहीच दिसेना. गेल्या दिवाळीपासून हे असं होतंय. मी ते जुन्या दिव्यांच्या नावावर खपवत होते. पुलाच्या त्या उतारावरही, दिवे चांगले चालू होते तेव्हा, एवढी मेंढरं समोर असताना मला ती आधी दिसली नव्हती. हे मी त्या म्हातारीला सांगितलं नाही, इलेक्ट्रिशियनला नाही, आईला तर नाहीच.

हा कागद कुठं पाठवायचा, हा प्रश्नच नाही. लिहून झालं की चुलीत घालेन. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, एवढं ठरवलंय. उद्या सकाळच्या एस. टी.नं मिरजेला डोळे दाखवायला चाललेय. घरी सांगितलंय, गाडीचा आरसा आणायचाय.