पाच नंबरचा कोन

७ डिसेंबर, रविवार

क्लबात नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी हातात खराटा! स्टिअरिंग नाही — खराटा! वारूळवाडीच्या मैदानावरची खडी झाडायची म्हणे, नाहीतर गाड्या घसरतात. नारायणगाव ते घोडेगाव मी किती मिनिटांत जातो ते सांगितलं तर हे लोक माझे पाय धरतील. (पप्पांना माहीत नाही.)

क्लबचे सर्वेसर्वा सुभाषमामा. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, तीस वर्षं भीमाशंकरचा घाट. कधी हॉर्न वाजवायची वेळ आली नाही म्हणतात. खोटं असणार.

म्हटलं, "मामा, एक राउंड तरी मारू द्या."

"गाडी पळवायला कुणालाबी येती. आधी उभं राहायला शीक."

नियमच आहे. नव्या माणसाने दोन शर्यतींना मैदानात उभं राहायचं, मग गाडी. डोकं सटकलं. खराटा टाकून निघालोच होतो. इंजिनिअरिंगही असंच सोडलं — सरांनी माझं जर्नल फेकलं, म्हणून मी टेबलावरची सगळ्या वर्गाची फेकली आणि चालता झालो. आजही झालो असतो. पण मंडपाखाली एक मुलगी दिसली. गळ्यात स्टॉपवॉच, कपाळावर आठ्या.

खराटा उचलला.

८ डिसेंबर

नाव खुशबू. एवढंच कळलं. एवढं पुरे.

२१ डिसेंबर, रविवार

पहिली शर्यत. म्हणजे त्यांची. मी पाच नंबरच्या कोनापाशी उभा, हातात वॉकीटॉकी.

गाडी एकेकटी सोडतात. कोनांमधून वळणं घेत जायचं आणि परत यायचं. प्रत्येक कोनाभोवती फक्कीने चौकोन आखलाय. कोन पडला किंवा चौकोनाबाहेर गेला की वेळेत पाच सेकंद वाढतात. नुसता हलला, पण चौकोनात उभा राहिला, तर माफ. आणि पडला की नाही ते कोण ठरवणार? तर तिथे उभा असलेला माणूस. मी!

वेळ खुशबू घेते. प्रत्येक गाडी गेली की वॉकीटॉकीवर तिचा आवाज — "पाच नंबर, कोन?" मी म्हणायचं, "शून्य." किंवा "एक."

बावीस गाड्या. प्रत्येक गाडीला तीन शब्द. आज ती माझ्याशी सहासष्ट शब्द बोलली! (बाकीच्या कोनांवरच्यांशीही बोलली. पण त्यांना काय कळतंय.)

२२ डिसेंबर

आईने विचारलं, भाकरी किती? मी म्हटलं, "शून्य, ओव्हर." पाठीत रपाटा बसला.

११ जानेवारी, रविवार

आज जे केलं ते लिहू की नको?

प्रितम नावाचा एक आहे. लाल गाडी, आणि दातही कंपनीतून आल्यासारखे पांढरे. खुशबू मंडप सोडून त्याच्या गाडीपाशी गेली. त्याला पाणी दिलं. त्याच्या हेल्मेटचा पट्टा आवळला. वर त्या हेल्मेटवर टपली मारली! मला तीन शब्द, आणि ह्याला टपली.

शेवटच्या फेरीत आला तो भन्नाट. एक्कावन्न सेकंद. माझ्या कोनाला मागचं चाक निसटतं लागलं. कोन डुलला, गिरकी घेतली आणि उभा राहिला. चौकोनात. मी स्वतः बघितलं.

"पाच नंबर, कोन?"

"एक," मी म्हटलं.

पाच सेकंद वाढले आणि प्रितम पहिल्याचा दुसरा झाला. पहिले आले घोडेगावचे चिमाजी भाऊसाहेब. पन्नाशीचे कारकून, पोट स्टिअरिंगला लागतं. कप हातात घेतला तेव्हा ढसाढसा रडले. म्हणाले, शाळेत लिंबू-चमच्यातसुद्धा नंबर आला नव्हता.

मी टाळ्या वाजवल्या. हात जड होते.

१२ जानेवारी

बरं झालं! टपली पाहिजे होती ना त्याला!

१४ जानेवारी, संक्रांत

मेलो. मेलो. मेलो.

पप्पांच्या जुन्या मारुतीला ब्रेक पॅड घ्यायला नारायणगावात गेलो. शर्यतीची गाडी तीच, अजून पप्पांना विचारलेलं नाही एवढंच. स्पेअरपार्टचं दुकान. गल्ल्यावर सुवालालशेठ. काउंटरला प्रितम. आणि आतून तिळगुळाचा डबा घेऊन — खुशबू!

शेठ म्हणाले, "हे आमचे दोन दिवटे. रविवार आला की भाऊ-बहीण दुकान माझ्या अंगावर टाकून मैदानात पळतात."

भाऊ! बहीण!! सख्खे!!!

नीट बघितलं असतं तर नाक एकच आहे. आठ्यासुद्धा.

तिने हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोल," म्हणाली. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो, ते गोड नव्हतं. प्रितमने पॅड दिले, वर विचारलं, "तुझी बारी पुढच्या महिन्यात ना? हेल्मेट आहे का?" आणि आपलं जुनं हेल्मेट माझ्या हातात दिलं! राहवलं नाही. विचारलं, "त्या दिवशी कोनाचं वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. मला आरशात उभा दिसला होता. पण तिथं उभा तू होतास. ज्याची जागा, त्याचा शब्द. तेवढं पण नसलं तर ह्या खेळात राहतंय काय, राव?"

आणि खुशबू म्हणाली, "पाच नंबर नाही चुकायचा. बाकीचे अंऽऽ करतात, हा लगेच सांगतो."

घरी येऊन हेल्मेट घालून कॉटवर पडलो. आई म्हणाली, गरम पाण्याने डोकं धू.

१८ जानेवारी, रविवार

सांगून टाकलं. सरावाला सगळे जमले होते, सगळ्यांसमोर. "मामा, कोन पडला नव्हता. मी खोटं बोललो." का, ते नाही सांगितलं. ते सांगण्यापेक्षा घाटातून उडी मारेन.

सुभाषमामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"फुडल्या बारीपत्तोर रोज सकाळी मैदान झाडायचं. आन् कप तूच आणायचा. घोडेगावास्नं. आमी कुणी येनार न्हाई."

मी हेल्मेट परत द्यायला गेलो. प्रितम म्हणाला, "ठेव. डोकं तर तुझ्याचकडे कमी आहे."

खुशबूने वॉकीटॉकी बंद करून टेबलावर ठेवली. आजचे शब्द — शून्य.

२० जानेवारी

घोडेगाव. हे आयुष्यात विसरणार नाही.

दार उघडलं आणि चिमाजी भाऊसाहेब ओरडले, "अगं ए, क्लबातनं मानूस आलाय सत्काराला!" मला बोलूच देईनात. कप टीव्हीवर ठेवलेला, त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्यांच्या बायकोने, सखूबाईंनी, मला ओवाळलं! शेजारचे चारजण आले. शाल, नारळ माझ्याच अंगावर. भाऊसाहेब म्हणाले, "पावनं, दोन शब्द बोला." मी म्हटलं, "अभिनंदन." टाळ्या.

पोह्यांच्या दोन बश्या झाल्या. तिसरी यायच्या आत खरं काय ते बोललो.

भाऊसाहेबांनी फूल उचललं, कप धोतराने — नाही, टॉवेलने — पुसला. कुंकू निघेना तर नखाने काढलं.

"मलाबी वाटलंच व्हतं," म्हणाले. "माज्या गाडीनं आन् पयला नंबर?"

शाल परत द्यायला लागलो. "र्‍हाऊ दे. ती तुजी हाये. खरं सांगायला आलास ना एवढ्या लांब."

शाल पांघरून, कप पिशवीत टाकून गाडीवर आलो. रडलो नाही. वारा होता.

३० जानेवारी

पप्पांना मारुती मागितली. पप्पा म्हणजे संपत गाडामालक, एके काळी बैलगाड्याच्या घाटात — शर्यतीच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात — नाव होतं. टोमॅटोच्या बांबूंना तार आवळत होते, मान वर न करता नाही म्हणाले. कॉलेज सोडलं, आता गाडी फोडनार का? मग मी म्हटलं, एकेक गाडी सुटते, घड्याळ लावतात, सेकंदावर नंबर.

तार थांबली. "एकेक? घाटावानी? किती सेकंदाची बारी?"

"पन्नास-पंचावन्न."

"लई झाले. आमचे बैल बारात जायचे. आन् त्यांना ब्रेक न्हवता." मग परत तार आवळत, "मी येतो संगं."

११ फेब्रुवारी

चोविसावा दिवस खराट्याचा. मैदानातला खडा न् खडा नावाने ओळखतो. दोन नंबरपाशी उतार आहे, सातपाशी माती भुसभुशीत. मामा कुंपणापाशी बिडी ओढत म्हणाले, "आता कळलं का, झाडाया का लावत्यात?"

कळलं. सातपाशी अजून एकदा खराटा फिरवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

माझी बारी!

आज घड्याळ प्रितमकडे. पाच नंबरच्या कोनापाशी — खुशबू. "मी आज तिथं उभी राहणार," असं तिने मामांना सांगितलं म्हणे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नवशिक्यांना दोन फेऱ्या, चांगली ती धरतात. पहिलीला मी सुटण्याच्या रेषेवर. झेंडा वर. आणि झेंडा पडतो न पडतो तोच पप्पा दोरीखालून घुसले, "येळकोट येळकोट!" आणि दोन्ही मुठी भंडारा काचेवर! उघड्या खिडकीतून तोंडात! घाटात बैलांवर उधळतात तसा! मी काचेवर पाणी मारलं, वायपर लावला — काचेवर पिठलं! काहीच दिसेना. गाडी थांबली ती शेजारच्या कुशाबाच्या कांद्यात. कुशाबा विळा घेऊन उभा. मामा वॉकीटॉकीत बोंबलतायत, "संपतराव, ह्यो घाट न्हाई!"

दुसरी फेरी. पप्पांना दोघांनी धरून ठेवलं होतं.

काय गेलो! दोनला उतार माहीत, आत राहिलो. सातला माती माहीत, आधीच पाय उचलला. पाचपाशी मागचं चाक जरा लागलं. आरशात बघितलं — कोन उभा. परत आलो. त्रेपन्न सेकंद! नवशिक्यांत दुसऱ्याचे छप्पन्न. पप्पा नाचायला लागले. कप माझा!

आणि वॉकीटॉकीवर प्रितमचा आवाज — "पाच नंबर, कोन?"

खुशबूचा आवाज — "एक."

अठ्ठावन्न. चौथा.

कानात शिट्टी वाजायला लागली. उभा होता! मी बघितला! अर्ध्या तासात आक्षेपाचा फॉर्म भरता येतो. घेतला. नाव लिहिलं, गाडी नंबर लिहिला. पुढे — आक्षेपाचे कारण. पेन टेकवलं आणि तिथेच थांबलं. आरशात उभा दिसला होता. पण तिथे उभी ती होती.

फॉर्म फाडला.

पप्पा म्हणाले, "आरं भांड की! येरवी कालवनात मीठ कमी पडलं तर भांडतोस!"

म्हटलं, "ज्याची जागा, त्याचा शब्द."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. हात पिवळा झाला.

२३ फेब्रुवारी

अनोळखी नंबरावरून मेसेज. "कोन उभाच होता. प्रितमचा होता तसाच. फिट्टंफाट. आठ मार्चच्या रॅलीला शेजारी बसून नकाशा वाचायला कुणीतरी हवंय. न भांडणारं."

डोकं सटकलं. दोन सेकंद. मग शब्द मोजले — अठरा! आणि त्यांत "पाच नंबर, कोन?" एकदाही नाही.

उत्तर पाठवलं — "पाच नंबर. आक्षेप शून्य. ओव्हर."