कुलपं, कड्या आणि लेंग्याची नाडी

झाई, गुरुवार

ती. सौ. विजयमालाताईस धाकट्या हरिश्चंद्रचा दंडवत. वलसाडची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवत असेल आणि भावोजींना तू पथ्य मोडू देत नसशील, असं धरून चालतो. (फोनवर तूच बोलतेस, म्हणून हे पत्र.)

आपल्या जतीनच्या ऋचाला सातवा लागलाय. मध्यंतरी डहाणू रोडला सोनोग्राफी केली. हल्ली मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, पण आतलं बाकी सगळं सांगतात. तर बाळाचं डावं मूत्रपिंड किंचित फुगलेलं दिसलं. लघवी जरा साचते म्हणे. डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक बाळांचं आपोआप उतरतं, काही करू नका, पुन्हा बघू. ताई, चिकूच्या वाडीत जन्म गेलेल्या माणसाला पाणी तुंबलंय म्हणून सांगायचं आणि वर गप्प बसा म्हणायचं, हे कसं जमावं?

मला आई आठवली. तुझ्या वेळी देवेश अडला होता, तेव्हा गाठी सुटल्या की बाळही सुटतं म्हणून तिने घरातली एकूण एक गाठ सोडली होती. ट्रंकांची कुलपं काढली, शिंक्यांच्या दोऱ्या सोडल्या, माझ्या पतंगाचा मांजासुद्धा उलगडला. (तो गुंता अजून सुटलेला नाही.) देवेश रडला आणि आई ओटीवर बसून हसत सुटली. ते हसू अजून कानात आहे. तसं माणूस आता घरात नाही, याचं फार वाईट वाटतं.

मग मीच कामाला लागलो. कपाटं, कड्या, कोठीचं दार, बरण्यांची झाकणं, सगळं उघडलं. गाय सोडली, पाटांचे बांध फोडले. गाय शेजारच्या झिपरूच्या वांग्यांत शिरली आणि पाणी तिच्या मागोमाग. कोठीतले बोंबील मांजरांनी वाटून घेतले. शेवटी राहिली लेंग्याची नाडी. ती सोडली आणि नेमके तेव्हाच ऋचाचे वडील उंबरगावहून आले. एका हाताने लेंगा धरून दुसऱ्याने नमस्कार केला. ते म्हणाले, "वेवाई, आ शुं मांड्युं छे?" हे काय मांडलंय ते मी लेंगा धरूनच समजावलं. ऋचा मात्र खूप हसली, सोनोग्राफीनंतर पहिल्यांदाच.

एकंदरीत इकडे क्षेम आहे. काळजीचं काही नाही.

तुझा,
हरिश्चंद्र

ता. क. झिपरूला वांग्यांच्या बदल्यात चिकू दिले. तो म्हणतो, वांगी बरी होती.

ता. ता. क. सोमवारी पुन्हा सोनोग्राफी आहे. जतीन म्हणतो, बाबा, तुम्ही घरीच थांबा. (मागच्या वेळी डॉक्टरबाईंना मी पाट कसा मोकळा करतात ते समजावलं होतं.) ताई, उघडण्यासारखं घरात आता काही उरलेलं नाही आणि मला फार भीती वाटते. रविवारच्या गाडीने ये. काही करू नकोस, नुसती माझ्याशेजारी बस.