याडी खाली काहून बसते

ता. ३ डिसेंबर १९६६
नागपूरच्या दवाखान्यातून येऊन बारा दिवस झाले. वही उशाशीच होती, लिहिलं नाही. आळस, दुसरं काय.
याडी, माझी माय, विहिरीवर पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता तिथं लोखंडी गोळा आहे. डॉ.ने मला बाजूला घेऊन सांगितलं: माय खाली बसली नाही पाहिजे. उकिडवी तर नाहीच. मांडी नाही. निजताना गुडघ्यांत उशी. गोळा निसटला तर पुन्हा चालणं कठीण.
खाटेच्या पायांखाली विटा दिल्या. खुर्चीच्या फळीला भोक पाडून संडासाची सोय.

ता. ६
सोनाबाई शेजारीण भाकरी टाकायला येते, तिनं जमीन सारवली. दुपारी पाहतो तर ओल्या सारवणावर, खाटेपाशीच, दोन तळव्यांचे ठसे. बाजूला पंजा.
"खाली बसली होती?"
"मी? तुले सपन पडलं."
खोटं. का सोनाबाई तेल चोळायला खाली घेते? तिच्यावर नजर ठेवायची.

ता. ९
ठेवली नाही. पांढरकवड्याला गेलतो, हैदराबादकडचे ट्रक पाहत बसलो. एक ड्रायव्हर म्हणाला चल आदिलाबादपर्यंत. गेलो. आज परत. लाज वाटते.
याडीच्या घागऱ्याच्या काठाला शेण.
सोनाबाई म्हणे, "माह्याकडं काहून पाह्यतं असा? मी तिले हात लावत नाही बाप्पा. तू घरी राहून पाय."

ता. ११
कुडाआड बसलो. तासभर काहीच नाही, उठणारच होतो. मोठेबाबा, बापाचे थोरले भाऊ, रोजच्यासारखे खोकत अंगणात आले. खोकला ऐकला अन् याडीनं पदर डोळ्यांवर ओढला, खाटेवरून घसरली. खाली उकिडवी, तोंड भिंतीकडे. ते दारातूनच "बरी हाय ना?" म्हणून गेले. त्यांना काय ठाऊक.
मी उचललं. ओठ दाबून होती.
"दुखलं?"
"नाही." हेही खोटं.
"जेठापुढं खाटंवर बसू? लोक म्हणतीन, नागपूरले जाऊन हाडासंगं लाजही काढून आली."

ता. १२
मोठेबाबांना म्हटलं, काही दिवस येऊ नका.
"माह्या भावाच्या घरी मीच येऊ नको?"
कारण सांगितलं. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग, "मी निंबाखाली पाठ करून बसन. तिथूनच इचारन. सांग तिले, म्हाताऱ्याले दिसतही नाही."
चांगलं दिसतं. परवाच दूरच्या शेतातल्या पऱ्हाटीतला, कपाशीतला ससा मला दाखवला. वळून पाहणार नाहीत कशावरून?

ता. १५
वळले नाहीत. तीन दिवस निंबाखालून विचारपूस, याडी खाटेवरूनच हूं म्हणते. सारवण कोरं. मी तरी रोज दोनदा वाकून पाहतो. आज दोन काठ्यांवर दारापर्यंत आली. घरी राहायला म्हणून घाटंजीचा बाजार सोडला मी.

ता. १६
लिहायला बसलो तर दारात बैलगाडी. राळेगावकडच्या तांड्यातून आजा आलाय, याडीचा सासरा. चार वर्षं घराबाहेर पडला नव्हता. सुनेला पाहायचं म्हणतो. निंबाखाली बसा म्हटलं, त्याला ऐकूच येत नाही. मोठेबाबा गडबडले, हात धरून आवरतायत, तो ओढून पुढं येतोय.
मी दारात आडवा. पेन्सिल हातातच.
मागे खाट करकरली.