अस्मिताच्या डब्यातली चिठ्ठी

उल्हासनगर, कॅम्प ४

भिमाक्का, जय भीम.

हे पत्र मी टाकणार नाही, नाहीतर तू सगळ्या कुळगावात वाचून दाखवशील. पण लिहिल्याशिवाय राहवेना. आपली अस्मिता, माझी सून गं, तिची आई गेल्यापासून जीन्सच्या कारखान्यातून डबा भरलेलाच परत आणायची. बोलायला गेलं की उठून जायची. म्हणून आज सकाळी चपातीखाली चिठ्ठी ठेवली. हसू नकोस, येतं मला तेवढं! लिहिलं, "तुझ्या आईची चव मला जमणार नाही. पण तू उपाशी राहिलीस की माझाही घास उतरत नाही."

संध्याकाळी डबा रिकामा! आत तेलकट कागदावर तिचं उत्तर, "मेथीत मीठ जास्त होतं, तरी संपवली. उद्या वांगं द्या."

अक्का, पिशवी घेऊन बाजारात निघालेच मी.

तुझी धाकटी,
शेवंता