उणे चाळीसचं बटण

धुळे, मंगळवार

प्रिय लेकी मित्रा,

सप्रेम जय भीम. फोनवर तू "बोल ना आई, पटकन" म्हणतेस आणि मला हे पटकन बोलता येणार नाही, म्हणून कागद घेतला. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे. कोकिळामावशीनं सोनगीरहून कळण्याच्या भाकरीचं पीठ पाठवलंय, तुझ्या वाट्याचं वेगळं ठेवलंय.

तुझा प्रबंध शुक्रवारी छापायला जाणार. मी दहावी शिकलेली बाई, पण तू समजावलेलं विसरले नाही. निकेल एरवी दोन इलेक्ट्रॉन देऊन स्वस्थ बसतं. तुम्ही त्याच्याकडून आणखी काढून घेता, ऑक्सिजन जोडता, मग ते इतकं हावरं होतं की जवळ येईल त्याचा हायड्रोजन ओढून घेतं. हे मधलं रूप उणे चाळीसला धरून ठेवलं तरच दिसतं, नाहीतर क्षणात गेलं. एवढ्या अल्पायुषी गोष्टीपायी ऐन उमेद घालवतेस, असं मी म्हटलं तेव्हा तू हसली होतीस. म्हणालीस, याचा एकदा नीट फोटो मिळाला ना आई, की मोठ्या भट्ट्यांशिवाय रसायनं बनवण्याची वाट सापडेल.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, शनिवारी, मी डबा घेऊन जळगावला तुझ्या प्रयोगशाळेत आले. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि तुझ्या त्या थंड पेटीत काळपट तपकिरी बारीक खडे चमकत होते. दीड वर्षानं जमले होते. सोमवारी फोटोसाठी पुण्याला न्यायचे होते. तुझ्याबरोबर काम करणारा प्रशील म्हणाला, "मावशी, श्वाससुद्धा हळू घ्या, हे तुमच्या लेकीचं बाळ आहे." मग मला बसमध्ये बसवायला तुम्ही दोघं बोलत पुढे निघालात, मी शेवटी बाहेर पडले. प्रशीलनं मागे येऊन कुलूप लावलं.

सोमवारी पेटी बंद, खडे विरलेले, बाटलीत नुसतं फिकट हिरवं पाणी. निकेल आपल्या जुन्या जागी परत गेलेलं. तू फोनवर विचारलंस, "आई, तू तर कशाला हात नव्हता ना लावला?" मी म्हटलं, "नाही गं बाई."

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. प्रशीलवर नाही ठेवलास. चावी त्याच्याकडे होती, सरांनी त्याला काढलं, आणि घरात तुमच्या दोघांच्या लग्नाची जी बोलणी चालली होती ती तूच थांबवलीस.

तुला माहीत नाही, तो एकदा इथे आला होता. तुला समजवा म्हणून विनवत होता. त्याला पोहोचवायला उठले आणि सवयीनं माझा हात पंख्याच्या, ट्यूबच्या बटणावर गेला. खोलीतून निघताना सगळी बटणं खाली करणारी, रोज मीटरचे युनिट वहीत मांडणारी बाई मी. तो त्या हाताकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "मावशी, थोडं पाणी द्या." पाणी प्यायला आणि गेला. कुणाला काही बोलला नाही.

परवा पौर्णिमेला विहारात त्याची आई केसरबाई भेटली. "मन्हा पोऱ्यानी बठ्ठं सोडी दिन्हं," म्हणाली; शिक्षण, संशोधन, सगळंच सोडलं त्यानं. सुरतेत नळाच्या तोट्यांना निकेलचा मुलामा देतात तिथे लागलाय. वैशाखात लग्नही झालं.

रोज संध्याकाळी पाचही शीलं म्हणते. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, ओठ हलवते फक्त.

मी हे सांगून काय होणार, ते मला माहीत आहे. खडे पुन्हा जमले नाहीत, आता जमणारही नाहीत; प्रशील परत यायचा नाही; आणि तू कदाचित इथे येणं सोडशील. कळण्याचं पीठ मग कोकिळालाच परत देईन. पण रविवारी तू प्रबंधातली ओळ फोनवर वाचून दाखवलीस: "सहकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे नमुना नष्ट झाला." शुक्रवारच्या आत ती खोड. तिथे लिही, बटण माझ्या आईनं बंद केलं. पंख्याचं, ट्यूबचं आणि मग ते तिसरं, तुझ्या थंड पेटीचं, तांबडा दिवा जळत होता ते. विचारलंस तेव्हा बोटाला सगळं आठवत होतं.

तू ठेवलंस तर तुझीच,
आई