रिकाम्या खाचेतली अक्षता

जळगाव

प्रिय वृषू,

फोनवर कुंदनचं नाव काढलं की तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. बाबांचे सगळे फोटो असलेला आपला कॉम्प्युटर फार रखडत होता. रविवारी कुंदन धुळ्याहून त्याच्यासाठी नवीन मेमरी घेऊन आला. कॉलेजात शिकवतो, बोलणं सरळ, सगळं मान्य. पण माझ्या मुलीने निवडलेला माणूस मी पारखणारच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमची नखं बघायच्या, तशी मी त्याची बघितली. अगदी स्वच्छ निघाली, तेव्हा संशय वाढलाच.

त्याने प्लग काढला, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं, पत्र्याला हात लावला. म्हणाला, "काकू, अंगातली वीज आधी इथे सोडायची." मला वाटलं, छाप पाडतोय. मग मदरबोर्डवर टॉर्च धरून बराच वेळ बघत राहिला आणि विचारलं, "दसऱ्याला पूजा केली होती का?" हसला नाही, तरी मला ती थट्टाच वाटली. मेमरीची जुनी पट्टी काढून त्याच जागी नवी ठेवली, कडेला धरून, दोन्ही टोकं कट्ट वाजेपर्यंत दाबली. शेजारची खाच रिकामीच ठेवली. जुनी तिथे का नाही बसवत, विचारलं तर म्हणे, "तिथे टोकरायला नको, बारीक तारा वाकतील. ही एक पुरेल." जुनी पट्टी कागदात गुंडाळून माझ्या हाती दिली, चहा घेतला नि गेला. कॉम्प्युटर आता पळतोय. पण हा काहीतरी लपवतोय, हे डोक्यातून जाईना.

काल दुपारी मीच झाकण उघडलं. हो, आधी पत्र्याला हात लावून. रिकाम्या खाचेत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा रुतला होता. सावद्याच्या मळ्यात बाबा दसऱ्याला पंपाच्या मोटारीचंसुद्धा झाकण काढून पूजा करायचे, आठवतं? म्हणायचे, बाहेरून कुंकू लावणं म्हणजे पाहुण्याला ओट्यावरूनच वाटेला लावणं. तशीच मी यंदा या डब्याची केली होती. कुंदनला ते दिसलं होतं. माझ्या पूजेला नावं ठेवण्यापेक्षा त्याने माझा संशय सोसला.

आणि मी त्याला चहा ओट्यावरच दिला गं. म्हणून लिहिते आहे: येत्या रविवारी त्याला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन ये. भरीत-पुरी करते. पानं आत, देवघराजवळ मांडीन. अक्षता या खेपेला जपून टाकीन.

तुझीच,
संशयी आई