पियुषच्या जाऊळाचा आहेर

धुळे,
दि. ९ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप सुंदरअक्काच्या चरणी,
धाकट्या प्रेमराजचा शि. सा. न. वि. वि.

इकडे वकिलाची फी सोडली तर सर्व क्षेम आहे. मुद्दाम पत्र लिहितोय, कारण फोनवरचं बठ्ठं रेकॉर्ड होतं असं आमचे छगनराव वकील म्हणतात. वाचून झालं की फाडून टाक.

नगराध्यक्षपदाला पडलेल्या रुपचंदला माझा विजय पचलेला नाही. त्यानं इथं जिल्हा कोर्टात याचिका टाकली आहे, म्हणून गाव सोडून मी सध्या धुळ्यातच तळ ठोकलाय. मी खर्चाची मर्यादा मोडली, पैसे देणाऱ्यांची नावं लपवली आणि मतदानाच्या तोंडावर गाव जेवू घातलं, असं त्याचं म्हणणं. पुरावा काय, तर आपल्या पियुषच्या जाऊळाचा व्हिडिओ! बहिणीच्या नातवाचे केस उतरवायलाही आता सरकारची परवानगी काढायची का?

खरा घोळ झुलालनानांनी घातला. आपल्या माणसांनी प्रेमापोटी आणलेली पाकिटं आहेराच्या टेबलावर गुपचूप ठेवायची, असं ठरलं होतं. कार्यात कोण कोणाचं बघतंय? पण आहेर पुकारायचा माईक नानांच्या हातात, आणि त्यांना जन्माची सवय. एकेक पाकीट फोडून ते पुकारत सुटले. रस्त्यांची कामं घेणाऱ्या मोतीलालशेठकडून बाळाला दोन लाख एक रुपये, असं ते म्हणाले आणि मांडवात शिट्ट्या पडल्या. माईकची वायर उपटेपर्यंत आणखी ठेकेदारांची नावं गेलीच.

आता उपाय एकच. जेवण तुझं, आहेर तुझा, निवडणुकीशी त्याचा संबंध नाही, असं प्रतिज्ञापत्र तू द्यायचं. कागद तयार आहे, फक्त सही हवी. नव्या सभागृहाला आपल्या आबांचं नाव द्यायचं माझ्या मनात आहे, उद्घाटनही तुझ्याच हातून करू. आखाजीच्या सणाला तुला माहेरी आणायला दरवर्षीसारखा मुराळी येईलच. तुझी भावजय ज्योत्स्नाही फार आठवण काढते.

थोरलीची माया धाकट्यावर राहू दे.

तुझा,
प्रेमराज


चोपडा,
दि. १७ फेब्रुवारी २०२६

चि. प्रेमराज यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फाडायला सांगितलंस, मी चुलीत घातलं. चहाला तेवढाच जाळ झाला. केळीची बाग बरी आहे, सूनबाई बरी आहे, पियुषच्या डोक्यावर काळेभोर केस आलेत. चांगलं वर्तमान एवढंच. आता पुढचं ऐक.

अरे, जनाची नाही तर मनाची तरी धर! मला म्हणालास, अक्का, बाळाचं जाऊळ माझ्या दारात होऊ दे, माझी हौस शे. मी खुळी, मला वाटलं भावाला माया फुटली. येऊन बघते तर आठवडेबाजार भरेल एवढा मांडव. बॅनरवर तू हात जोडून उभा, दारापेक्षा उंच, आणि ज्याचं जाऊळ ते लेकरू खाली कोपऱ्यात लिंबाएवढं. तुपात बुडवलेल्या बट्ट्या, घोटलेली वांग्याची भाजी, पंगतीवर पंगती, आणि त्यात माझ्या ओळखीचं एक तोंड नाही. मी बसायला गेले तर तुझ्या कार्यकर्त्यानं मला विचारलं, मी कोणत्या वॉर्डातली म्हणून. मी बाळाची आजी असल्याचं सांगितलं, तर म्हणे आजीबाईंची पंगत नंतर आहे.

न्हावीदादालाही तुम्ही घाई केलीत, कारण तुझं भाषण राहिलं होतं. पोरगं अर्ध्या भादरलेल्या डोक्यानं रडत होतं आणि तू माईकवर विकास सांगत होतास. ज्योत्स्नानं हातानं शिवलेलं टोपडं आणलं होतं, पण गर्दीत बिचारी बाळापर्यंत पोचलीच नाही. एवढा लाखांचा आहेर झाला म्हणतोस, पण लेकराच्या मुठीत फुटकी कवडी आली नाही रे!

वर झुलालनानांना बोल लावतोस? आहेर का पुकारतात, हे आबांनी तुला शिकवलं नव्हतं का? घेतलेला आहेर फेडायचा असतो. कोणाचं काय घेतलं हे गावाला ठाऊक असलं, की घेणाऱ्याला विसरता येत नाही. मला कोणी पातळ दिलं तर मी त्याच्या लेकीच्या लग्नात पातळ देईन. मोतीलालचे दोन लाख तू कशानं फेडशील? टोपड्यानं? तू त्याला रस्ता देशील, आणि त्या रस्त्यावर आमचे गुडघे फुटतील.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या कोर्टानं ते नाव झाकून पक्षांना पैसे द्यायचे रोखे मोडीत काढले, तेव्हा टीव्हीपुढे टाळ्या कोणी वाजवल्या होत्या? तूच ना? म्हणाला होतास, चोरांची नावं कळायलाच हवीत. तेव्हा चोर दुसऱ्याचे होते.

आबांचं नाव मात्र यात ओढू नकोस. ते दुसऱ्याच्या मांडवात पाणीसुद्धा विचारून प्यायचे.

खोट्या कागदावर मी सही करणार नाही. मुराळीची वाट पाहते.

लोभ अजून आहे मेल्या, म्हणून तर एवढी शाई घालवली.

तुझी,
अक्का


धुळे,
दि. १४ मार्च २०२६

श्रीमती सुंदरबाई यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र वाचलं. सख्खी बहीण अशी भाषा वापरेल असं वाटलं नव्हतं. राजकारणात काय काय करावं लागतं हे केळीच्या बागेत बसून कळत नाही. मर्यादेत राहून निवडणूक लढवायची तर लोकांना चहासुद्धा पाजता येत नाही. सगळेच करतात. रुपचंदनंही साड्या वाटल्या, फक्त त्याच्याकडे झुलालनाना नव्हते.

आता त्यानं आपलं नाव साक्षीदारांत दिलं आहे, कोर्टाचं समन्स येईल. सही करायची नसेल तर राहू द्या, पण यायचं तरी टाळा. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांचं सर्टिफिकेट मी इथून करून पाठवतो, काही त्रास होणार नाही. माझं पद गेलं तर पुढे मला उभंही राहता येणार नाही, एवढं ध्यानात घ्या.

हेही स्पष्ट लिहितो. आपण त्या पिंजऱ्यात उभ्या राहून माझ्याविरुद्ध बोललात, तर यंदाच्या आखाजीला मुराळी येणार नाही. पुढेही कधी येणार नाही. माहेर हवं की रुपचंद, हे आपण ठरवावं.

कळावे. लोभाचं आपल्या हाती आहे.

आपला,
प्रेमराज


चोपडा,
दि. १७ एप्रिल २०२६

चि. प्रेमराज यास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

मला श्रीमती म्हणालास तरी तू माझा चिरंजीवच. लहानपणी शेंबूड मी पुसलाय तुझा, तेव्हा आपण-बिपण मला नको.

आखाजी परवावर आली. तुझा मुराळी आला नाही, तू बोलल्याप्रमाणे वागलास. पण यंदाही मला न्यायला माणूस आला होता बरं का. कोर्टाचा बेलीफ. दारात उभं राहून त्यानं माझं नाव विचारलं, कागद दिला आणि धुळ्याला कधी यायचं ते सांगितलं. मी त्याला पाणी दिलं, सांजोरी दिली. या वयात माहेराकडे न्यायला मला कोर्टाचा मुराळी मिळाला! सूनबाई हसत होती. मी नाही हसले, कोठीत जाऊन थोडी रडले. ते लपवत नाही.

काल मी काय बोलले ते तू ऐकलंसच, पण मान वर केली नाहीस म्हणून पुन्हा लिहिते. रुपचंदच्या बाजूनं मी आले नव्हते. त्यानं साड्या वाटल्याचं कोणी विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं. जाऊळ माझ्या नातवाचं, जेवण माझं नाही, आहेर माझा नाही, एवढंच मी सांगितलं. तुझ्या छगनरावांनी नाक उडवून विचारलं, की आजीबाईंना निवडणुकीचा कायदा कितपत कळतो. मी म्हटलं, कायदा काही कळत नाही, पण ज्याच्या घरचं कार्य त्याला त्याच्याच मांडवात कोणी वॉर्ड विचारत नाही. लोक हसले. तू तेवढा मोबाईल बघत होतास.

निकाल काय लागायचा तो लागो. पद गेलं तर जाईल, भाऊ गेला याचं मला जास्त लागलंय. तुझ्या दाराशी आता मी येणार नाही, तू बोलावल्याशिवाय तर नाहीच. पण एक ऐकून ठेव. दार तू बंद केलंस, मी नाही.

आणखी एक. कोर्टाच्या जिन्यापाशी गर्दीत कोणीतरी माझ्या पिशवीत हळूच काही सरकवलं आणि न थांबता पुढे गेलं. एस.टी.त बसून उघडलं तर हातानं शिवलेलं टोपडं, निळी झालर लावलेलं. पियुषला ते आता लहान होतं, कारण मधे महिने लोटले, डोकं वाढलं. तरी मी घातलं त्याला, कानाच्या वरच बसलं. जाऊळाचा एवढा थोरला आहेर झाला, त्यात बाळाला मिळालेला एवढाच.

माईकवर पुकारायचं नाही, एवढंच ती जाता जाता बोलली. म्हणून देणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, आणि तूही घरात विचारू नकोस. हा आहेर मी फेडीन.

बोलावशील तेव्हा येईन,
तुझी,
अक्का